एक्स्चेंज ट्रिपला मुलांना घेऊन जाताय? आधी क्रम नीट लावा

फेब्रुवारी-मार्च आला की दोन-तीन शाळांमधल्या जर्मनच्या टीचर्सचे फोन येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो, "आमची तिकिटं झालीयेत, आता व्हिसाला काय काय लागतं?" तिकिटं झालीयेत म्हटल्यावरच माझ्या पोटात गोळा येतो. कामं सगळेच करतात हो, आळशी कुणीच नसतं, पण क्रम उलटा लागतो आणि मग एप्रिलच्या उन्हात एकाच मुलाच्या पासपोर्टसाठी सोळा जणांची ट्रिप टांगणीला लागते.

मी पुण्यातून चार वेळा मुलं घेऊन जर्मनीला गेले, नववीची मुलं, मे महिन्यात, दोन-अडीच आठवडे, राहायला तिथल्या मुलांच्या घरी, आणि नंतर ती मुलं आपल्याकडे. त्यामुळे खालची उदाहरणं जर्मनीची आहेत. फ्रान्स, स्पेन वगैरे शेंगेन देशांना (युरोपातले, एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) व्हिसाचा भाग बराचसा तसाच लागू होतो, जपान किंवा इंग्लंडला नियम वेगळे पण कामांचा क्रम हाच ठेवा.

टप्पा १. सप्टेंबर: आधी पासपोर्ट, मग निवड

ट्रिप मे मध्ये असेल तर सुरुवात सप्टेंबरमध्ये, म्हणजे गणपती गेले की लगेच. इच्छुक मुलांची यादी करताना मार्क, वागणूक, भाषा हे सगळं नंतर बघा, पहिल्यांदा पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मागवा.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे पालकांच्या डोक्यातच नसतं. चौथीत असताना दुबईला जायला काढलेला पासपोर्ट नववीत संपलेला असतो, पण आई ठामपणे सांगते "आहे ना आमच्याकडे पासपोर्ट". पंधरा पूर्ण झालेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंतचा किंवा दहा वर्षांचा असा पर्याय मिळतो, त्यामुळे काढतानाच विचार करून काढायला सांगा. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी, दोन पानं कोरी हवीत, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला हवा. मी स्वतः सहा महिने शिल्लक असल्याशिवाय नाव पुढे नेतच नाही.

नवा पासपोर्ट काढायचा असेल तर अपॉइंटमेंट मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. मुलांच्या अर्जाला आई आणि वडील दोघांच्या सहीचं अ‍ॅनेक्श्चर डी, म्हणजे संमतीचं पत्र, लागतं. एक पालक परदेशात आहे, किंवा आईवडील वेगळे राहतात, अशा घरी इथेच वेळ जातो, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच मीटिंगनंतर, पण वर्गासमोर नाही, एकेकट्या पालकाला बाजूला घेऊन विचारा.

आता नावाची भानगड. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर ते बहुतेकदा मुलाच्या नावाला चिकटून गिव्हन नेमच्या रकान्यात येतं. शाळेच्या हजेरीपटावर मात्र आडनाव आधी, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, कधी स्पेलिंगच वेगळं. ऑफिसमधून हजेरीपटाची एक्सेल शीट तिकीट एजंटला गेली की संपलं.

*तपासणी: नावांची यादी पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी बघून टाइप करा, त्या मशीनसाठीच्या ओळी असतात त्या. टाइप एकाने करायचं, वाचून दुसऱ्याने तपासायचं. स्वतः टाइप केलेली चूक स्वतःला दिसत नाही.*

टप्पा २. बरोबर कोण जाणार

आठ मुलं असली तरी दोन टीचर, सोळा असतील तर तीन. एक बाई आणि एक पुरुष हवेतच. तिसरा माणूस "आराम" म्हणून नसतो. एक मूल आजारी पडलं की एक टीचर त्याच्याबरोबर दवाखान्यात अडकतो आणि मग उरलेल्या पंधरांना घेऊन एकटा माणूस ट्रेन बदलत बसतो, हे मी केलंय, पुन्हा करणार नाही.

टीचरने स्वतःचं मूल त्याच ग्रुपमध्ये नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, वाईट वाटलं तरी चालेल. आणि ट्रस्टी, ट्रस्टींचे मिस्टर, कुणाची तरी मावशी अशी "बरोबर येऊ का, स्वतःच्या खर्चाने" मंडळी असतात, त्यांना गोड शब्दांत नाही म्हणा. तिथे गेल्यावर त्यांना शॉपिंगला नेणं हे तुमचंच काम होऊन बसतं.

टप्पा ३. जोड्या लावणं: इथे घाई नको

कुठलं मूल कुठल्या घरी राहणार हे दोन शाळा मिळून ठरवतात. त्यासाठी जो माहितीचा फॉर्म असतो तो आपल्याकडे आई भरते, सुवाच्य अक्षरात, आणि त्यात मूल आदर्श असतं. म्हणून माझी पद्धत अशी की फॉर्म दोनदा भरून घ्यायचा, एकदा पालकांकडून आणि एकदा मुलाकडून शाळेतच, आईला न दाखवता. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे.

आई लिहिते शुद्ध शाकाहारी, मूल लिहितं बाहेर चिकन खातो. आई लिहिते स्विमिंग येतं, मूल लिहितं उथळ पाण्यात. आई लिहिते कुत्रा चालेल, मूल लिहितं कुत्र्याची भयंकर भीती वाटते. तिकडे पाठवायचा तो पालकांचाच फॉर्म, पण फरक कुठे आहे ते तुम्हाला माहीत हवं, आणि कुत्रा आणि पाणी या दोन बाबतीत मुलाचं म्हणणं खरं धरा. चिकनचं गुपित तुमच्यापाशी ठेवा, घरी सांगायला जाऊ नका.

फॉर्ममध्ये हेही विचारा: झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, दमा, रोजची गोळी, धुळीची किंवा प्राण्यांच्या केसांची अ‍ॅलर्जी, शेंगदाणे, अंडं. अंड्याबद्दल वेगळा रकाना ठेवा. आपल्याकडे शाकाहारी म्हणजे अंडं नाही, तिकडे शाकाहारी माणूस अंडं आरामात खातो, केक आणि नूडल्समध्ये ते असतंच. जैन मुलांसाठी कांदा-लसूण-बटाटा नाही हे चार ओळींत समजावून, काय चालतं त्याची यादीच पाठवा. नुसतं काय चालत नाही ते पाठवलं की तिकडची आई घाबरते.

तिकडच्या शाळेला विचारा की कुटुंबं कशी निवडली, घरात कोण कोण राहतं, मुलाला झोपायला वेगळी खोली आहे का. यात संकोच करू नका, चांगली शाळा विचारल्याचा राग धरत नाही.

टप्पा ४. संमतीपत्रं, एक नाही, चार

सगळं एका कागदात कोंबलेलं संमतीपत्र हा फार कॉमन घोळ. वेगवेगळी करा.

पहिलं, प्रवासाचं, दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं, बरोबर नेणाऱ्या टीचर्सची नावं आणि पासपोर्ट नंबर घालून. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा ते नोटरीला त्याच दिवशी विचारा, मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवरून करू नका.

दुसरं, वैद्यकीय. इमर्जन्सीत उपचाराला हो म्हणायचा अधिकार टीचरला, आणि कुठली साधी औषधं द्यायला परवानगी आहे त्याची यादी. ही यादी नसेल तर टीचरने स्वतःच्या पर्समधली क्रोसिनसुद्धा देऊ नये.

तिसरं, अ‍ॅक्टिव्हिटीचं: पोहणं, सायकल, ट्रॅम्पोलीन, बोट. तिकडे मे अखेरीला जरा ऊन पडलं की सगळं गाव तळ्यावर जातं आणि यजमान कुटुंब आपल्या मुलालाही नेतं. पोहण्यासमोर "हो" किंवा "नाही" एवढंच ठेवू नका, "न थांबता ५० मीटर पोहू शकतो का" असं विचारा. उत्तरं एकदम बदलतात.

चौथं, नियमांचं, यावर मुलाची पण सही. यात दारूचा नियम स्पष्ट लिहा. जर्मनीत १६ वर्षांच्या मुलाला बिअर आणि वाइन कायद्याने मिळते, त्यामुळे यजमान घरातला दादा रात्री टेबलावर बिअर घेऊन बसला तर त्यात त्यांना काही वावगं नसतं, आणि आपल्या मुलालाही विचारलं जाऊ शकतं. "तिथे चालतं" हा बचाव आधीच बंद करा, आपल्या ग्रुपला शून्य, वय काहीही असो.

*सावधान: मूळ संमतीपत्रं टीचरच्या हॅन्डबॅगमध्ये, एक झेरॉक्स संच दुसऱ्या टीचरकडे, एक स्कॅन शाळेच्या ईमेलवर. सगळं एकाच बॅगेत ठेवून बॅग विसरणारे लोक मी पाहिलेत.*

टप्पा ५. विमा, व्हिसा आणि मग पक्कं तिकीट

आता इथे नीट लक्ष द्या, फोन येतात ते याच टप्प्याबद्दल.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. ही शेवटची मुदत वाचून निवांत बसू नका. मे-जूनमध्ये सगळा पुणे-मुंबई युरोपला निघालेला असतो, अपॉइंटमेंट मिळत नाहीत. मी मे च्या ट्रिपसाठी फेब्रुवारीत अर्ज करते. अर्ज व्हिसा केंद्रात द्यायचा, निर्णय त्या देशाच्या कॉन्सुलेटचा, त्यामुळे केंद्राच्या काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून काही उपयोग नसतो.

क्रम असा. आधी एअरलाइनकडून ग्रुप सीट होल्ड करून घ्या, दहाच्या वर माणसं असली की थोडं डिपॉझिट भरून बऱ्याचदा सीट राखता येतात आणि नावं नंतर देता येतात. त्या रिझर्व्हेशनच्या तारखांवर विमा काढा. मग व्हिसाचा अर्ज. पासपोर्ट व्हिसा लागून हातात आले की तिकीट पक्कं करा.

विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांत, मुक्कामाचे सगळे दिवस चालणारा हवा. भारतातून निघण्याचा दिवस आणि परत उतरण्याचा दिवस दोन्ही धरा, रात्रीच्या फ्लाइटमुळे एक दिवस कमी पडतो. दमा किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर लपवू नका, क्लेम तिथेच अडतो.

एक गोष्ट खूप शाळांना ठाऊक नसते. शेंगेनच्या नियमात शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ आहे, फी मोठ्यांना ९० युरो आहे म्हणजे सोळा जणांचा हिशोब करून बघा. पण ती आपोआप मिळत नाही, कव्हरिंग लेटरमध्ये लिहून मागावी लागते, आणि एजंटने सवयीने उद्देशाच्या रकान्यात "पर्यटन" टिक केलं की विषय संपतो. यजमान शाळेच्या निमंत्रण पत्रात तारखा, सगळ्यांची नावं, शाळेतल्या तासिकांचा कार्यक्रम आणि कुणी कुठला खर्च करायचा ते आलंच पाहिजे. केंद्राचा सर्व्हिस चार्ज मात्र वेगळा द्यावाच लागतो.

बोटांचे ठसे बारा वर्षांवरच्या सगळ्यांचे घेतात, म्हणजे आपली सगळी मुलं आली. आदल्या आठवड्यात घरी लग्न असेल तर मुलींना सांगा बोटांच्या टोकांवर मेंदी नको. हसू येतं पण मशीन ठसा घेत नाही तेव्हा येत नाही.

*तपासणी: व्हिसा लागून पासपोर्ट आले की त्याच दिवशी प्रत्येक स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट नंबर, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस. शेवटची तारीख आणि दिवसांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.*

टप्पा ६. पैसे आणि फोन

थोडक्यात सांगते. आपल्या कार्डांवर परदेशी वापर बंदच असतो, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावा लागतो, हे घरूनच करून घ्या. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम तिथे चालू हवं, नाहीतर कार्ड असून नसल्यासारखं. मुलांना फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख, ५ आणि १० युरोच्या नोटांत. १०० ची नोट बेकरीवाला घेत नाही. आठवड्याला किती खर्चायचे तो आकडा सगळ्या मुलांना एकच ठेवा, हे पालकांना पटवणं अवघड जातं पण ठेवा, नाहीतर एक जण स्नीकर्स घेतो आणि दुसरा पाणीसुद्धा विकत घेत नाही.

पाणी तसंही विकत घ्यायचं नसतं, नळाचं पिता येतं, बाटली भरून घ्यायची.

टप्पा ७. मुलांची तयारी: चार शनिवार पुरतात

भाषेचा सराव शाळेत होतोच, त्यावर वेळ घालवू नका. सराव करायचा तो रोजच्या गोष्टींचा.

पहिला शनिवार जेवणाचा. तिकडे दुपारी गरम जेवण आणि रात्री बऱ्याच घरांत आबेंडब्रोट, म्हणजे ब्रेड, चीज, काकडी, लोणी, सगळं थंड. आपलं मूल वाट बघत बसतं की आता भाजी येईल, ती येत नाही, आणि लाजेने ते एकच स्लाइस खाऊन उठतं. मग रात्री अकराला आईला फोन, "मला इथे जेवायला देत नाहीत". म्हणून आधीच सांगा, हेच जेवण आहे, पोटभर खा, दुसऱ्यांदा घ्या, ते आग्रह करणार नाहीत. आपल्याकडे "नको नको" म्हटल्यावर तिसऱ्यांदा वाढतात, तिकडे "नको" म्हणजे नको. प्रत्येक मुलाकडून "इश एसे काइन फ्लाइश, काइनेन फिश, काइने आयर" पाठ करून घ्या, मांस, मासे, अंडी खात नाही, ज्याला जेवढं लागू तेवढं.

दुसरा शनिवार बाथरूमचा. जेट स्प्रे नसतो, छोटी बाटली न्या आणि फरशी कोरडी ठेवा. बादली नाही, जमिनीवर पाणी ओतायचं नाही, कारण खाली मोरी नसते आणि पाणी थेट खालच्या मजल्यावर जातं. पाच-सात मिनिटांत आंघोळ उरकायची. रात्री दहानंतर आवाज नाही, आणि रविवारी दुकानं बंद असतात.

तिसरा शनिवार रस्त्याचा. गाड्या उजवीकडून चालतात म्हणून ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. फुटपाथवरचा लाल पट्टा सायकलचा असतो, त्यावर गप्पा मारत चालायचं नाही. ट्रेनचं दार बऱ्याच ठिकाणी बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, आमची तीन मुलं पहिल्या दिवशी दारासमोर शिस्तीत उभी राहिली आणि ट्रेन त्यांना घेऊन पुढे गेली. यासाठी नियम पाठ करून घ्या: फलाटावर राहिलेला जागचा हलत नाही, ट्रेनमध्ये राहिलेला पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभा राहतो. दोघांनीही शोधायला निघायचं नाही.

चौथा शनिवार बॅगांचा, पालकांसकट. वजन २३ किलोचं तिकीट असतं आणि आई ३१ किलो भरते, त्यात सहा किलो खाऊ. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर सगळं बाद. आणि हापूस पण नाही, ताज्या फळांना प्लांट हेल्थचा दाखला लागतो, त्यातून सुटका फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियनला. मे महिन्यात यजमानांना आंब्याची पेटी न्यायची हौस प्रत्येक पालकाला असते, ती तिथेच थांबवा. बाकरवडी, चिक्की चालेल, लाडू असतील तर तुपाचे नकोत. गिफ्ट म्हणून पैठणीच्या कापडाची पाऊच वगैरे हलक्या वस्तू बऱ्या. लोणचं नेलंच तर चेक-इन बॅगेत, हॅन्डबॅगमध्ये १०० मिलीच्या वरचं पातळ काही चालत नाही.

पॉवर बँक उलट, ती फक्त हॅन्डबॅगमध्ये. इनहेलर, रोजची औषधं आणि चिठ्ठी हॅन्डबॅगमध्ये, मूळ पाकिटासकट. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग तिथे बहुतेक बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

टप्पा ८. पालकांचा ग्रुप

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच, आणि त्यात लिहिण्याची परवानगी फक्त टीचर्सना. पालकांचे प्रश्न एका पालक प्रतिनिधीकडे, ते गोळा करून दिवसातून एकदा तुमच्याकडे. रोज एक मेसेज आणि दोन-तीन फोटो, ठराविक वेळेला. एक दिवस दहा फोटो टाकलेत की दुसऱ्या दिवशी "आज माझी कुठेच दिसत नाही" सुरू.

फोनची वेळ ठरवा. मे मध्ये जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तिथे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इथे रात्रीचे दहा. दोन दिवसांतून एकदा, पंधरा मिनिटं. रोज तासभर व्हिडिओ कॉलवर असलेलं मूल यजमान घरात मिसळतच नाही, खोलीत बसून राहतं, आणि तिकडच्या आईला वाटतं आपलं काही चुकलं.

दुसऱ्यांच्या मुलांचे, विशेषतः जर्मन मुलांचे फोटो इन्स्टावर टाकायचे नाहीत. तिथे याबाबत कायदाही कडक आहे आणि लोकही.

टप्पा ९. निघायचा दिवस

युरोपची फ्लाइट बहुतेक मुंबईहून आणि बहुतेक मध्यरात्रीनंतर. १४ तारखेच्या १:३० ची फ्लाइट म्हणजे पुण्यातून १३ तारखेला दुपारी निघायचं. हे प्रत्येक नोटिशीत वार घालून लिहा: "१३ मे, मंगळवार, दुपारी ३:३०, शाळेचं गेट". एका वर्षी एक कुटुंब १४ च्या संध्याकाळची तयारी करत निवांत घरी होतं, शेवटी त्या मुलाला वडिलांनी स्वतःच्या गाडीने एक्स्प्रेस वेने पळवत आणलं.

एअरपोर्टला रात्री साडेनऊच्या आत पोचायचं धरा. अंतर दीडशे किलोमीटर असलं तरी घाटात अडकलात की हिशोब राहत नाही, शुक्रवार-शनिवार असेल तर अजून एक तास आधी निघा. रडारडी शाळेच्या गेटवर उरकून घ्या, मुंबई एअरपोर्टच्या टी२ टर्मिनलला पालक नकोत, आत सोडत नाहीतच आणि मुलं परत परत मागे वळतात.

बसमध्ये प्रत्येक मुलाला नंबर द्या, १ ते १६, आणि ट्रिपभर तोच. मोजायचं म्हणजे डोकी मोजायची नाहीत, मुलांनी आपापला नंबर मोठ्याने म्हणायचा. आम्ही एकदा फ्रँकफर्टला डोकी मोजली, सोळा भरली, आणि त्यातलं एक डोकं दुसऱ्याच शाळेचं होतं.

पासपोर्ट बसमध्ये टीचरकडे, चेक-इनच्या रांगेत मुलाकडे, इमिग्रेशन झालं की पुन्हा टीचरकडे. इमिग्रेशनला एक टीचर सगळ्यात आधी, एक सगळ्यात शेवटी. मुलाला तीन प्रश्नांची उत्तरं यायला हवीत: कुठे चाललास, किती दिवस, बरोबर कोण. "टीचरना माहिती" हे उत्तर नाही.

*तपासणी: तिकडे उतरल्यावर बॅगा घेऊन बाहेर पडायच्या आधी एकदा नंबर, एकदा पासपोर्ट, एकदा फोन. तिन्ही वेगवेगळ्या वेळा.*

टप्पा १०. पहिले तीन दिवस

पहिल्या संध्याकाळी मुलं यजमानांच्या गाड्यांमधून पांगतात आणि तुमच्या हातात एकदम काहीच राहत नाही. हे फार विचित्र वाटतं. तेव्हा प्रत्येक घराला फोन करत बसू नका. प्रत्येक मुलाने रात्री झोपायच्या आधी एक मेसेज टाकायचा, एवढंच. मेसेज आला नाही तरच फोन.

एक कोड ठेवा. आम्ही "माझी निळी वही राहिली" असं ठेवलं होतं. हे वाक्य आलं की टीचरने काही न विचारता त्या घरी जाऊन मुलाला भेटायचं. चार ट्रिपमध्ये एकदाच आलं, कारण फार गंभीर नव्हतं, पण मुलाला ते वाक्य वापरता आलं हे महत्त्वाचं.

घरच्या आठवणीने रडणं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं आणि शाळेत गेल्यावर ओसरतं. त्यावर लगेच घर बदलून देऊ नका. तीन दिवसांनंतरही मूल जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा कारण घरातल्या माणसाबद्दल असेल, तर मात्र त्याच दिवशी बदला, यजमान शाळेच्या कोऑर्डिनेटरबरोबर बसून. घरातल्या माणसाबद्दल कुठलीही तक्रार असेल तर तीन दिवसही थांबायचं नाही.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात नाही पण खिशात एक कार्ड हवं: यजमानाचा पत्ता जर्मनमध्ये, त्यांचा फोन, दोन टीचर्सचे फोन, विम्याचा पॉलिसी नंबर आणि मदतीचा नंबर, आणि ११२. फोनची बॅटरी संपते, कार्डाची नाही.

टप्पा ११. गडबड झाली तर

आजारी पडलं: खरी इमर्जन्सी असेल तर ११२. दवाखाने बंद झालेत पण जिवावर बेतलेलं नाही, ताप, कान दुखणं, तर ११६११७, तिथे ड्युटीवरच्या डॉक्टरची माहिती मिळते. विमा कंपनीच्या मदत नंबरला डॉक्टरकडे जायच्या आधी किंवा जाता जाता कळवा. छोटी बिलं बहुतेक आधी भरावी लागतात, म्हणून एका टीचरच्या कार्डवर मोकळे पैसे ठेवा आणि प्रत्येक कागद जपा. पालकांना कळवायचं ते ग्रुपवर नाही, फोन करून, आणि डॉक्टर काय म्हणाले ते कळल्यावर. "ताप आहे, बघतोय" असा अर्धा निरोप दिला की पुण्यात चार घरं जागी राहतात.

पासपोर्ट हरवला: आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग भारतीय दूतावास बर्लिनला, किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या कॉन्सुलेटपैकी जे लागू असेल ते. दिवस कमी असतील तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर भारतात परत येता येतं, पुढे कुठे जाता येत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आणि प्रत्येक मुलाचे चार जादा फोटो बरोबर असतील तर हे काम सुटतं, नसतील तर परक्या गावात रविवारी फोटो स्टुडिओ शोधत फिरावं लागतं.

नियम मोडला: परत पाठवायची धमकी देऊ नका, अल्पवयीन मुलाला एकट्याने परत पाठवणं तुम्ही करू शकणार नाही आणि हे मुलांना बरोबर माहीत असतं. उरलेल्या दिवसांत संध्याकाळी फोन टीचरकडे जमा, मोकळ्या वेळात टीचरबरोबर, असं जे करता येईल तेच आधी लिहून ठेवा.

टप्पा १२. परत आल्यावर, आणि त्यांची पाळी

पासपोर्ट पालकांच्या हातात द्या, मुलांच्या नाही, यादीवर सही घेऊन. शिल्लक कॉमन पैशांचा हिशोब आठवड्यात पाठवा, पावत्यांच्या फोटोंसकट. संमतीपत्रं आणि मेडिकल फॉर्म शाळेच्या फाइलला लावा, तुमच्या फोनमधल्या पासपोर्टच्या प्रती मात्र डिलीट करा.

एक्स्चेंज असल्यामुळे तिकडची मुलं पुण्याला येतात, बहुतेक ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सुट्टीत, आणि तेव्हा आपल्याकडे परीक्षा किंवा दिवाळीची गडबड. तारीख मे मध्ये तिथे असतानाच दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवून पक्की करा. परदेशी पाहुणा घरी राहायला आला की यजमानाला २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, सगळे अजून ज्याला फॉर्म सी म्हणतात तीच. हे प्रत्येक घराला लागू आहे, शाळेने भरलं असेल असं समजून कुणीच भरत नाही. म्हणून मुलं उतरली त्या संध्याकाळी यजमान पालकांना शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बोलवा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती हातात द्या, आणि सगळे फॉर्म तिथेच बसून भरून घ्या, मग पाहुण्यांना घरी पाठवा.